दोन महिने सूर्य नसलेली हवा: निपाणीहून अंटार्क्टिका, आणि परत

अंटार्क्टिकाला जायचं माझं पक्कं झालं ते निपाणीच्या बसस्टँडवर, पुण्याच्या गाडीची वाट बघताना. ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी पुण्यात एका प्रयोगशाळेत हवेतल्या वायूंचं मोजमाप करायचो. दिवाळीला घरी आलो होतो आणि चार दिवस घरात तोंड उघडायचा धीर झाला नव्हता. शेवटी आक्का मला सोडायला स्टँडवर आली तेव्हा सांगितलं, की दक्षिण ध्रुवाकडं जाणाऱ्या तुकडीत माझं नाव आलंय, आणि गेलो तर वर्षाच्या वर परत येता येणार नाही.

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण शांता. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं ते हिनं. लग्न होऊन सांगलीकडं गेली होती, पण नवरा वारल्यावर लेकीला घेऊन माहेरी आली ती कायमची. निपाणीतल्या बायका जे करतात तेच तिनं केलं. तंबाखूच्या वखारीत पाला कुटणं, चाळणं. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तंबाखूच्या धुळीनं भुवया पिवळ्या झालेल्या असायच्या. माझी शाळा, बेळगावचं कॉलेज, पुढचं सगळं त्या पिवळ्या भुवयांवर झालं.

तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तितं मानसं न्हाईत?"

"आपलीच असतात. बाकी कुणी नाही."

"मग तू तितं काय करनार?"

"हवा मोजणार."

ती हसली. हसता हसता तिला खोकला आला, तो बराच वेळ थांबेना. पदरानं तोंड पुसून म्हणाली, "हितली मोजून झाली व्हय?" आणि गाडी लागल्यावर, खिडकीशी येऊन, "जा की मग. आप्पाला मी सांगती."

असा मी निघालो.

आता अंटार्क्टिकाला पर्यटकांची जहाजं जातात. आमच्या कॉलनीतलं एक जोडपं नुकतंच जाऊन आलं आणि पेंग्विनचे फोटो दाखवून गेलं. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण मला विचारतात, की काका, तुम्ही गेला होता ना, लिहा की. म्हणून लिहितोय. पण आधीच सांगतो, माझ्या प्रवासात पेंग्विन थोडे आहेत.

निपाणी ते गोवा

जहाज गोव्याहून सुटायचं. पुण्यातलं आवरून मी परत निपाणीला आलो आणि तिथून निघालो. निपाणीहून बेळगावला हमरस्त्यानं बस, दोनेक तासांचा रस्ता, संकेश्वरला चहाला थांबायची. बेळगावला रेल्वे स्टेशनजवळ कुंदा, तिथली खव्याची मिठाई, घेतला. तो महिनाभर टिकतो असं दुकानदारानं शपथेवर सांगितलं होतं आणि ते खरं निघालं, कारण बर्फावर सगळंच टिकतं. पुढं मीटरगेज. खानापूर, लोंढा, मग घाट. कॅसलरॉकनंतर गाडी इतकी हळू उतरते की दूधसागरचे तुषार खिडकीतून अंगावर येतात. हा प्रवास अजूनही करावा असाच आहे. मी मात्र त्या दिवशी धबधब्याकडं धड बघितलं नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, स्टँडवर सोडायला आले नव्हते. ते निपाणीत शिंपीकाम करायचे. रागावले की मशीन जोरात चालवायचे. निघताना ती मशीन चालूच होती.

बरोबर ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, सांडगे आणि एक लहानशी बुद्धाची तसबीर. पीठ आक्कानं स्वतः दळून आणलं होतं. जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: आपली भाकरी तिकडं कुणी देत नाही, आणि पोटापेक्षा जिभेला आठवण फार येते.

जहाजावर

जहाज परदेशी, भाड्यानं घेतलेलं, लाल रंगाचं. मॉरिशसपर्यंत समुद्र गरीब होता. त्यानंतर जो काही खवळला त्याचं वर्णन करण्याच्या अवस्थेत मी नव्हतो. तीन-चार दिवस बंकवर पडून होतो. पोटात पाणी ठरत नव्हतं. तेव्हा कुणीतरी मला उठवून बसवलं आणि हातात सुकी पोळी दिली.

"खावा ओ सायेब. रिकाम्या पोटानं लई तरास हुतोय. बसमदी घाटात कसं हुतंय, तसंच की."

मी दचकून बघितलं. अख्ख्या जहाजावर हिंदी, इंग्रजी, बंगाली, मल्याळी बोलणारी माणसं, आणि ह्या माणसाच्या तोंडात माझ्या गल्लीतली भाषा. "कुठले तुम्ही?"

"जांबोटीचा. खानापूर तालुका. तुमी?"

"निपाणी."

"मग सायेब कशाला म्हनाय लागलोय मी," असं म्हणून तो शेजारीच बसला.

हा हवालदार नारायण गावडे. सैन्यातला मेकॅनिक, तळावरची जनरेटर आणि बर्फावरची वाहनं त्याच्या हवाली. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणायला लागलो, तो मला अशोक. त्यानं आडनाव विचारलं, मी 'कांबळे' सांगितलं. तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "बरं," आणि उरलेली पोळी खायला लावली. तो क्षणभराचा थांबा मला कळला. तो मला कळला, हे त्यालाही कळलं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

बर्फाच्या पट्ट्यात जहाज शिरलं तेव्हा डिसेंबर संपत आला होता, म्हणजे तिकडचा उन्हाळा भरात होता. म्हणजे सूर्य मावळतच नव्हता. जहाज बर्फाच्या लाद्या फोडत जायचं आणि लादी उलटली की तिची खालची बाजू दिसायची. पांढरी नव्हे, तपकिरी. तंबाखू भिजवलेल्या पाण्यासारखी. ते शेवाळ. इथंच माझं काम सुरू होतं, म्हणून दोन शब्दांत सांगतो.

उन्हाळ्यात हे बारीक शेवाळ समुद्रात गंधकाचा एक वायू सोडतं. किनाऱ्यावर सडलेल्या शेवाळाचा जो वास येतो, त्यात हाच असतो. सूर्यप्रकाशात त्या वायूचं आम्लाच्या वाफेत रूपांतर होतं, त्या वाफेचे रेणू एकमेकांना चिकटतात आणि हवेत, जिथं काहीच नव्हतं तिथं, नवा कण तयार होतो. डोळ्यांना न दिसणारा. पुढं अशाच कणांवर पाणी धरतं आणि ढग होतो. जगात इतरत्र धूर आणि धूळ एवढी, की हा कण जन्मताना सापडणं अवघड. तिथं सापडतो. आणि हिवाळ्यात? समुद्र गोठलेला, सूर्य नाही, शेवाळ झोपलेलं. मग ते वायू किती उरतात, कण किती उरतात? वर्षभर, न चुकता, हे मोजायचं होतं. म्हणून मी हिवाळ्याला तिथं राहणार होतो.

उन्हाळा

आमचा तळ समुद्राला लागून असलेल्या बर्फाच्या पठारावर. लाकडी इमारत, निम्मी बर्फात गाडली गेलेली. आत गरम, बाहेर पडायचं तर अंगावर पाच-सहा थर. पिण्याचं पाणी म्हणजे बर्फ फोडून आणायचा आणि वितळवायचा. ही पाळी सगळ्यांना, लीडरलासुद्धा. जेवण डबाबंद भाज्या, भात, डाळ, दूध पावडरीचा चहा. अण्णा रविवारी माझ्या पिठाच्या भाकऱ्या थापायचा. जनरेटर दुरुस्त करणाऱ्या त्या हातांनी थापलेल्या भाकऱ्या गोल यायच्या, माझ्या यायच्या नाहीत.

माझी मोजमापाची खोली म्हणजे तळापासून दूर, वारा येतो त्या बाजूला ठेवलेलं लाकडी खोपटं. दूर अशासाठी, की जनरेटरचा धूर पोचला तर सगळं मोजमाप वाया. तळ ते खोपटं अशी पिंपं रोवून त्यांना दोर बांधला होता. एका पंपानं हवा कागदाच्या गाळण्यांतून ओढायची. त्यांवर वायू आणि आम्ल अडकायचं. कणांसाठी एक हातानं चालवायचं यंत्र होतं. नळीत दमट हवा कोंडायची आणि झटकन सैल सोडायची. हवेत कण असतील तर त्यांच्याभोवती धुकं धरतं आणि नळीतल्या दिव्याचा उजेड मंदावतो. जितका मंद, तितके कण जास्त.

जानेवारीत तो उजेड चांगलाच मंदावायचा. पहिल्या दिवशी अण्णानं नळीत डोकावून विचारलं, "ह्ये समदं शेवाळानं केलं?"

"शेवाळानं आणि उन्हानं."

"आनि हिवाळ्यात?"

"बघू."

फेब्रुवारी संपताना जहाज परतलं. उन्हाळी मंडळी गेली, आम्ही मूठभर उरलो. जहाज दिसेनासं होईपर्यंत सगळे काठावर उभे होतो. कुणी हात हलवत नव्हतं. आता नऊ-दहा महिने कुणी आजारी पडो, वेडा होवो, काही होवो, न्यायला कुणी येणार नव्हतं. जाणाऱ्यांना हे सांगायलाच हवं: तुमचं पर्यटनाचं जहाज काठाशी उभं असतं. आमचं नव्हतं. त्या एका गोष्टीनं जागा पार बदलून जाते.

अंधार

मेच्या अखेरीस सूर्य क्षितिजाखाली गेला तो दोन महिन्यांसाठी. दुपारी उत्तरेला तांबूस पट्टा दिसायचा, तोही पुढं पुढं पुसट झाला. चंद्र असला की दिवसच्या दिवस न मावळता डोक्याभोवती फिरायचा. आभाळात ध्रुवीय प्रकाशाचे हिरवे पडदे हलायचे. पहिल्यांदा सगळे धावत बाहेर आले, नंतर कुणी सांगितलं तरी उठेना. माणसं कमी बोलू लागली. एकानं दुसऱ्याचा चमचा वापरला म्हणून भांडण झालं आणि दोघं पंधरवडा बोलले नाहीत.

आणि माझ्या नळीत उजेड मंदावायचा जवळजवळ थांबला. गाळण्यांवरही काही लागेना. हवा इतकी रिकामी मी कधी बघितली नव्हती. खरं तर आनंद व्हायला हवा होता, अपेक्षा तीच होती. पण रोज जाऊन काहीच न सापडणं, ते मांडून ठेवणं आणि परत येणं, याचा मनावर परिणाम होतो. खोपट्याच्या दारात उभं राहून श्वास घेतला की हवेला कसलाच वास यायचा नाही. बर्फाचाही नाही.

जुलैत, एका दुपारी, जेवण झाल्यावर आमचे लीडर माझ्याशेजारी येऊन बसले. शांत स्वभावाचे बंगाली गृहस्थ. वायरलेसवाला दारात उभा होता, आत येत नव्हता. लीडर हिंदीत म्हणाले, "अशोक, घर से खबर है. अच्छी नहीं है."

मला वाटलं आप्पा.

आक्का गेली होती. पावसात वखारीतून भिजून आली, ताप भरला, छातीत भरलं. बेळगावच्या दवाखान्यात नेलं, तिथं तिसऱ्या दिवशी संपली. अग्नी दिला गेला होता. वायरलेसवर शब्द मोजकेच येतात, एवढंच आलं.

मी विचारलं, जहाज... आणि वाक्य पुरं केलं नाही. उत्तर मलाही माहीत होतं. लीडर माझ्या खांद्यावर हात ठेवून बसून राहिले. समोर भाताचं ताट तसंच होतं. कुणीतरी ते उचलायला हात पुढं केला आणि मागं घेतला.

मला रडू आलं नाही. मी बंकवर जाऊन पडलो आणि छताच्या फळ्या बघत राहिलो. निपाणीत पाऊस लागला असेल, घरात बायका असतील, सुमन असेल. सुमन म्हणजे आक्काची मुलगी, अकरा-बारा वर्षांची. तिच्याजवळ कोण बसलं असेल हे मी सारखं डोळ्यांपुढं आणायचा प्रयत्न करत होतो आणि चेहरा येत नव्हता.

संध्याकाळी अण्णा आला. बंकच्या कडेला बसून त्यानं विचारलं, "तुमच्यात काय करत्यात रं?"

मी सांगितलं, मेणबत्ती लावतात, त्रिशरण-पंचशील म्हणतात.

"मेणबत्त्या हाईत," तो म्हणाला. "म्हनायचं तू सांग. आमी मागनं म्हनतो."

जेवणाच्या खोलीत टेबल पुसून माझी तसबीर ठेवली. सगळे आले, भांडणारे दोघंही. मी एक ओळ म्हणायचो, मागून ते म्हणायचे; बंगाली, मल्याळी, पंजाबी उच्चारांत. अण्णा सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता आणि सगळ्यांत जास्त चुकत होता. माझा आवाज मध्येच बंद पडला तेव्हा ती शेवटची ओळ त्यांनीच दोन-तीनदा म्हटली, पुढची काय हे कुणालाच माहीत नसल्यामुळं.

दुसऱ्या दिवशी मी खोपट्याकडं निघालो तर दारात अण्णा कपडे चढवून तयार. "जनरेटर?" मी विचारलं. "चाललाय की त्यो," म्हणाला. त्या दिवसापासून तो रोज माझ्याबरोबर आला. खोपट्यात एका पेटीवर नुसता बसायचा, मी नळीत हवा कोंडायचो. जांबोटीत पावसाळ्यात आठ-आठ दिवस बस येत नाही, माणसं कोंडून पडतात, तेव्हा एकमेकांकडं असंच नुसतं बसायला जातात. हे त्यानं खूप नंतर सांगितलं.

वादळ

जुलैच्या शेवटी सूर्याची कड दिसली. सगळे बाहेर जाऊन ओरडले, नाचले. मी आतच होतो.

ऑगस्टमधला तो दिवस सकाळी स्वच्छ होता. अण्णाला जनरेटरचं काम निघालं म्हणून मी एकटा गेलो. मोजमाप सुरू असताना खोपटं हलायला लागलं. दार उघडलं तर पुढं पांढरी भिंत. हात लांब केला तर पंजा दिसत नव्हता. नियम असा, की अशा वेळी जिथं आहोत तिथंच थांबायचं. मी थांबलो. खोपट्यात छोटा स्टोव्ह होता. वाऱ्यानं धुराडं उडालं तसा तो विझवावा लागला. मग थंडी आत यायला लागली. आधी पाय गेले. मग मला बरं वाटायला लागलं, ऊब आल्यासारखं, आणि थंडीनं मरणाऱ्याला शेवटी असंच वाटतं हे मला ठाऊक होतं. मी उठून उड्या मारायचो, बसायचो, परत उठायचो. एकदा बसलो आणि उठावंसं वाटलं नाही. खरं सांगतो, त्या वेळी मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं की आता घरी जाऊन कुणाला तोंड दाखवायला नको.

दार आपटलं आणि बर्फाचा एक ढीग आत पडला. त्या ढिगातून आवाज आला, "ऊठ. ऊठ म्हनतो न्हवं!"

अण्णा दोर धरून आला होता. वाटेत दोन पिंपांमधला दोर बर्फाखाली गेला होता. तो उकरून काढायला आणि कमरेची कडी त्यात अडकवायला त्याला डाव्या हाताचा जाड मोजा काढावा लागला. वाऱ्यानं मोजा नेला. तसाच आला. मला कमरेला बांधलं आणि आम्ही गुडघ्यांवर रांगत परतलो. मी मध्येच आडवा व्हायचो, तो दोराला हिसका द्यायचा. "निपानीला सांगू काय मी? भन गेली, भाऊबी गेला म्हनून सांगू काय?" हे तो वाऱ्यात ओरडत होता, आणि मला शिव्या देत होता, अगदी आमच्याकडच्या.

माझे पाय वाचले. त्याच्या डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट काळं पडलं. आमच्या डॉक्टरांनी जेवणाच्या टेबलावर ती कापली. मी दिवा धरून उभा होतो. नंतर मी काहीतरी बोलायला गेलो, माफी वगैरे, तर म्हणाला, "भाकरी उजव्या हातानं थापत्यात." त्याला मेकॅनिकचं काम पुढं नीट जमलं नाही. सैन्यातून लवकर बाहेर पडला. हे मी लपवून प्रवासवर्णन लिहिणार नाही.

पुन्हा ऊन

सप्टेंबरात दिवस मोठा झाला. ऑक्टोबरात एका शांत, निरभ्र दिवशी मी नळीतली हवा सैल सोडली आणि उजेड मंदावला. थोडासाच. मला वाटलं धूर आला. वाऱ्याची दिशा तपासली; वारा समुद्राकडचा, तळाकडचा नव्हे. परत केलं. परत मंदावला. गाळण्यांवर गंधकाचं आम्ल लागायला सुरुवात झाली होती. लांब कुठंतरी बर्फ फुटला होता, शेवाळ जागं झालं होतं आणि उन्हानं त्याचं काम सुरू केलं होतं. कोऱ्या हवेत कण जन्मत होते.

"आलं व्हय?" अण्णानं पेटीवरून विचारलं. बँडेज बांधलेला हात मांडीवर होता.

"आलं."

तो उठून नळीत बघायला आला. मी बाजूला झालो. ज्यासाठी आलो ते सापडलं होतं, वर्षाचं चक्र पुरं होत होतं आणि मला काहीही वाटत नव्हतं. तिथं धूळ नसते म्हणे, असं आक्कानं निघायच्या आधी विचारलं होतं, तेवढं मात्र आठवलं. तिला सांगायचं राहिलं, की नसते. पण उन्हाळ्यात हवा स्वतःच बारीकशी तयार करते, आणि तिनं कुणाची छाती भरत नाही.

घर

मार्चच्या अखेरीस गोव्याला उतरलो. अण्णा आणि मी एकाच गाडीत. लोंढ्याला झाडं बघून त्याचे डोळे भरून आले. वर्षभर हिरवं पान दिसलं नव्हतं. खानापूरला तो उतरला. प्लॅटफॉर्मवरून उरलेल्या तीन बोटांचा हात वर केला. बेळगावला मी बस धरली. उन्हं कडक होती. घाम आला की नवल वाटायचं.

निपाणीत तंबाखूचा हंगाम भरात होता. स्टँडवर उतरल्याबरोबर तो वास नाकात शिरला. घरी आप्पा मशीनवर होते. मला बघून मशीन थांबवली. म्हणाले, "आलास," आणि पाणी आणायला स्वतः उठले. शेजारच्या आल्या, विचारपूस केली, बर्फ कसा असतो, थंडी किती, अस्वलं असतात का. आक्काचं कुणी काढलं नाही. त्यांचं दुःख करून झालं होतं. तिच्या लुगड्यांची गोधडी शिवून झाली होती, ती दोरीवर वाळत होती. तिची पत्र्याची पेटी दुसऱ्याच कशाला तरी वापरात होती. घरानं तिच्याशिवाय चालायला शिकून घेतलं होतं. मला एकट्याला येत नव्हतं.

दिवेलागणीच्या आधी सुमन आली. शाळेतून नव्हे. भुवया पिवळ्या होत्या.

मी आप्पांकडं बघितलं. ते मशीनच्या चाकाकडं बघत होते. "दोघांचं भागत न्हाय," एवढंच म्हणाले.

सुमन दारात उभी राहिली. मामा आला म्हणून हसावं का काय करावं हे तिला कळत नव्हतं. मी जवळ बोलावलं. ती बसली आणि एकदम म्हणाली, "आईचं तुला कुनी सांगितलं?"

मी सांगितलं. लीडर, जेवणाची खोली, मेणबत्त्या. तिनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "तू रडलास?"

"नाही."

"मीबी न्हाय," ती म्हणाली. "समदी म्हनली, तू रडलीस की आप्पा खचंल."

मग ती सांगायला लागली. आई भिजून आली तेव्हा काय म्हणाली, दवाखान्यात कुठल्या कॉटवर होती, शेवटी पाणी कुणी पाजलं. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण घरात सगळ्यांना माहीत होतं. न माहीत असणारा मी एकटाच उरलो होतो. पाण्यापर्यंत आली आणि तिचा आवाज फुटला. माझाही. आम्ही दोघं इतक्या मोठ्यानं रडलो की गल्लीतल्या बायका धावत आल्या.

"काय झालं ओ आप्पा? कोन गेलं?"

आप्पा उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "आमची शांता."

बाई गोंधळली. "आवं, ती आषाढात न्हवं का..."

"तुमच्यासाटनं आषाढात," आप्पा म्हणाले. "ह्यांच्यासाटनं आज. रडू द्या."

काय उरलं

मी पुन्हा दक्षिणेला गेलो नाही. पुण्याची नोकरी सोडून बेळगावला कॉलेजात शिकवायला लागलो, तिथंच शहापुरात विणकरांच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या, आप्पा आणि सुमनला घेऊन आलो. दिवसभर मागांचा खडखडाट. आप्पांना तो आवडायचा. सुमन उशिरा पुन्हा शाळेत बसली, वर्गातल्या मुलींपेक्षा थोराड दिसायची, त्यावरून रडून यायची, पण शिकली. आज हुबळीला बँकेत अधिकारी आहे. जांबोटीला मी दरवर्षी जातो. आता बस नेमानं आहे. अण्णा वाकलाय, पण गेलो की चुलीपुढं बसून भाकरी स्वतः थापतो.

माझ्या मोजमापांचा वर्षाचा आलेख एका अहवालात आला. उन्हाळ्यात चढणारा, हिवाळ्यात तळाला जाणारा, वसंतात पुन्हा उचललेला. बघणाऱ्याला त्या तळाशी हिवाळा दिसतो. मला जेवणाचं टेबल दिसतं.

जायचं असेल तर जा. जागा तशीच आहे, माणसानं एकदा बघावी अशी. लोकरीचे दोन मोजे जास्त न्या, चटणी न्या. आणि निघण्यापूर्वी घरच्यांशी एक गोष्ट बोलून ठेवा: मागं काही बरंवाईट झालं तर लगेच कळवायचं. आप्पांनी मला नंतर सांगितलं, की आक्का गेली तेव्हा सगळी गल्ली म्हणत होती, एवढ्या लांब आहे, येऊ तर शकत नाही, कशाला कळवता, आल्यावर बघू. आप्पा ऐकले नाहीत. पावसात चालत तार करायला गेले. मी विचारलं, का? तर म्हणाले, "तुझी भन हुती. ती गेल्याव तू तितं हसत-खेळत जेवला असतास, आनि मागनं तुला ते कळलं असतं. त्ये मला सोसलं नसतं."